पिंजऱ्याच्या किती जवळ जायचं?

यावेळचा मेलबॉक्स उघडला तर निम्मे प्रश्न एकाच विषयाचे निघाले. कोणी थायलंडला निघालंय, कोणाची लेक ऑस्ट्रेलियात आहे, कोणी दुबईचं बुकिंग करून बसलंय, आणि सगळ्यांना विचारायचंय एकच, की तिकडच्या झूमध्ये म्हणे प्राण्यांना हात लावू देतात, खायला घालू देतात, तर आपण करावं का? म्हणून कुत्र्यांच्या गोचिडांचे आणि मांजरांच्या जंतांचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत, रागवू नका.

प्रश्न : डॉक्टर, आम्ही मे महिन्यात थायलंडला जातोय. टूरवाल्याने कार्यक्रमात 'वाघाबरोबर फोटो' टाकलंय, जास्तीचे पैसे भरून. मिस्टर आणि मुलगा उड्या मारतायत, मला भीती वाटतेय. पण वाघांना गुंगीचं औषध दिलेलं असतं असं ऐकलं, म्हणजे मग धोका नसेल ना? – एक धास्तावलेली आई

ताई, गुंगीचं औषध देतात की नाही हे प्रत्येक जागेबद्दल मी इथे बसून सांगू शकत नाही, पण एक सांगते, औषध न देताही वाघ दुपारभर लोळत पडतो, दिवसातले पंधरा-सोळा तास झोपणारा प्राणी आहे तो. पोट भरलेलं, ऊन तापलेलं, जन्मापासून माणसाच्या हातची बाटली प्यायलेली, असा वाघ पडून राहिला तर त्यात नवल नाही. नवल याचं वाटलं पाहिजे की फोटोसाठी लहान पिल्लं वर्षभर, बारा महिने, कुठून येतात? वाघाचं पिल्लू मांडीवर घेण्यासारखं फक्त काही महिनेच असतं, नंतर त्याचा पंजा लागला तर टाके पडतात. म्हणजे धंदा चालू ठेवायचा तर सतत नवीन पिल्लं हवीत, त्यासाठी पिल्लं आईपासून लवकर तोडायची, की वाघीण पुन्हा लवकर गाभण राहते. आणि मोठे झालेले वाघ? ते कुठे जातात हा प्रश्न तिकीट काढताना कोणी विचारत नाही.

कांचनबुरीचं ते प्रसिद्ध टायगर टेंपल आठवत असेल, भिक्खू वाघांना साखळीने फिरवायचे आणि पर्यटक शेजारी बसून फोटो काढायचे. २०१६ साली थायलंडच्या सरकारने तिथे छापा घातला, १३७ वाघ बाहेर काढले आणि फ्रीझरमध्ये ४० मेलेली पिल्लं सापडली. जप्त केलेल्या वाघांपैकी निम्म्याहून जास्त वाघ पुढच्या तीन वर्षांत सरकारी ताब्यात असताना गेले, जवळच्या नात्यात पैदास झालेली आणि त्यात व्हायरसचा आजार, असं कारण तिथल्या अधिकाऱ्यांनी दिलं. अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सजवळ लुहान नावाचा झू होता, तिथे लोक चक्क वाघ-सिंहांच्या पिंजऱ्यात शिरून त्यांच्यावर हात फिरवायचे, तो २०२० मध्ये बंद पडला. अमेरिकेत तर डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय कायदाच झाला, वाघ, सिंह, बिबट्या वगैरेंना, अगदी पिल्लांनासुद्धा, लोकांना हात लावू द्यायचा नाही.

तेव्हा मिस्टरांना सांगा, ते पैसे दुसऱ्या कशावर तरी घाला. मुलाला समजावणं सोपं असतं, नवऱ्याचं तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न : मग हत्ती? आम्ही आधीच ठरवलंय की हत्तीवर बसायचं नाही, तेवढं कळतं. पण 'हत्तीला आंघोळ घाला' असा प्रोग्रॅम आहे, सँक्च्युरी असंच लिहिलंय बोर्डावर. ते तर प्रेमाचंच काम झालं ना?

हा प्रश्न तीन जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय. बसायचं नाही हे ठरवलंत ते उत्तम. पण बोर्डावर काय लिहायचं याला कुठे फारसे नियम नाहीत, सँक्च्युरी, रेस्क्यू सेंटर, काहीही रंगवता येतं.

आता आंघोळीचं बघा. हत्तीला पाणी आवडतं, चिखल तर त्याहून आवडतो, आणि तो आपला आपण छान आंघोळ करतो, सोंडेने अंगावर उडवतो, मग लगेच बाहेर येऊन माती टाकून घेतो कारण तेच त्याचं सनस्क्रीन आणि तेच त्याचं माशी-डासांपासूनचं औषध. आपण काय करतो, सकाळची बॅच, अकराची बॅच, दुपारची बॅच, प्रत्येक वेळी त्याला पाण्यात उतरवायचं, ब्रशने घासायचं आणि माती धुऊन टाकायची. आणि तो उतरतो का, तर माहूत शेजारी उभा असतो म्हणून, कधी हातात अंकुश दिसतो, कधी खिळा मुठीत लपवलेला असतो. बरीच पाळीव हत्तीची पिल्लं लहानपणी आईपासून तोडून, बांधून, मारून माणसाळवलेली असतात, वर बसायला शिकवायचं असो की पाण्यात उभं राहायला, शाळा तीच.

धोकाही आहेच. आशियाई हत्ती म्हणजे तीन-चार टनांचं धूड, आणि निसरड्या तळावर तुम्ही त्याच्या पायाशी स्विमिंग कॉस्च्युममध्ये. जानेवारी २०२५ मध्ये थायलंडच्या को याओ बेटावर हत्तीला आंघोळ घालताना स्पेनची एक तरुण पर्यटक मुलगी गेली, हत्तीणीने सोंडेने ढकललं एवढंच निमित्त झालं. त्या हत्तिणीला राक्षसीण म्हणायचं कारण नाही, तिला तिथून निघून जाता येत नव्हतं, बास.

हत्ती जवळून बघायचाच असेल तर लांबून बघायला लावणारी जागा शोधा, वाक्य उलटं वाटेल पण तसंच आहे. नैरोबीत शेल्ड्रिक ट्रस्टचं अनाथ हत्तींचं पाळणाघर आहे, १९७७ पासूनची संस्था. रोज अकरा ते बारा असा एकच तास लोकांना आत घेतात, तेही आधी बुकिंग करून, आणि मध्ये दोरी असते. पिल्लं पळत येतात, कीपरच्या हातातली भली मोठी दुधाची बाटली दोन मिनिटांत रिकामी करतात, काही तर सोंडेने बाटली स्वतःच धरतात, मग चिखलात लोळण. हत्तीच्या तान्ह्या पिल्लांना गाईचं दूध पचत नाही, त्यामुळे पूर्वी अशी अनाथ पिल्लं जगायचीच नाहीत, डॅफ्नी शेल्ड्रिक बाईंनी वर्षानुवर्षं खटपट करून दुधाची पावडर आणि खोबरेल तेल असं मिश्रण जमवलं तेव्हा कुठे ती वाचायला लागली. रात्री कीपर त्यांच्या शेजारी झोपतात. मोठी झाली की त्साव्होच्या जंगलात परत. एखादं पिल्लू दोरीपाशी आलंच तर तो त्याचा निर्णय असतो, तुमच्या तिकिटाचा नाही.

प्रश्न : मुलीकडे ऑस्ट्रेलियाला जातोय. कोआलाला कडेवर घेऊन फोटो काढायचा अशी माझी फार वर्षांची इच्छा आहे. मुलगी सिडनीला राहते, ती म्हणते आई ते इल्लीगल आहे. मग लोकांचे फोटो कसे असतात? – साठीतली हौशी

काकू, मुलगी बरोबर आहे आणि फोटोही खरे आहेत! ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. सिडनी ज्या न्यू साउथ वेल्समध्ये येतं तिथे आणि मेलबर्नच्या व्हिक्टोरियात कोआलाला कडेवर घ्यायला परवानगी नाही. क्वीन्सलँडमध्ये आहे, पण तिथेही नियम आहेत, एका कोआलाने दिवसाला तीस मिनिटांपेक्षा जास्त 'ड्युटी' करायची नाही आणि सलग तीन दिवस काम झालं की सुट्टी. (आपल्यापैकी किती जणांना एवढी सोय आहे ते विचारू नका.) ब्रिस्बेनची लोन पाइन सँक्च्युरी १९२७ पासूनची, कोआला कडेवर देण्यासाठीच जगभर गाजलेली, त्यांनीसुद्धा २०२४ मध्ये हे बंद केलं, आता शेजारी उभं राहून बघायचं.

कारण समजून घ्या म्हणजे वाईट वाटणार नाही. कोआला फक्त निलगिरीची पानं खातो, ती पानं म्हणजे सत्त्व कमी आणि विष जास्त, ते पचवण्यातच त्याची सगळी शक्ती जाते म्हणून तो दिवसाचे अठरा-वीस तास झोपतो. तो लाडात येऊन बिलगलाय असं आपल्याला वाटतं, पण तो झाड समजून धरतो हो, खाली पडू नये म्हणून. नखं अशी की शर्टातून आरपार. आणि वासही येतो, निलगिरीचा आणि नरांना भलताच उग्र, हे फोटोत येत नाही.

सिडनीजवळच्या वाइल्डलाइफ पार्कांमध्ये कोआलाच्या फांदीशेजारी उभं राहून फोटो मिळतो, तेवढ्यात समाधान माना आणि मग कांगारूंकडे जा. तिथे खरी मजा आहे. कांगारू मोकळे फिरत असतात, तिथेच मिळणारं खाणं तळहातावर सपाट धरायचं, बोटं आत घ्यायची, तो पुढचे दोन पंजे तुमच्या मनगटावर ठेवून हात स्थिर करतो आणि ओठांनी टिपत खातो, दातांचा स्पर्शही होत नाही. कंटाळला की उड्या मारत कुंपणापलीकडच्या विश्रांतीच्या जागेत जातो जिथे माणसांना बंदी असते. मोठा छातीवाला नर समोर ताठ उभा राहिला तर मात्र नजर खाली करून हळूहळू बाजूला व्हा. आणि पिशवीत पिल्लू असेल तर आत डोकावू नका, घरातल्या बाळंतिणीच्या खोलीत आपण न विचारता शिरतो का?

प्रश्न : माझी बहीण हॉलंडला असते. तिच्याकडे झूचा वर्षाचा पास आहे, दर आठवड्याला जाते. तिथला गोरिला म्हणे तिला ओळखतो, काचेपाशी येतो, तिच्याकडे बघून हसतो. मला हे खरं वाटत नाही. खरंच प्राणी अशी मैत्री करतात का?

ओळखत असेल, त्यात काही शंका नाही, गोरिला माणसांचे चेहरे छान लक्षात ठेवतो. पण 'हसतो' म्हणालात तिथे मला जरा काळजी वाटली, त्यातून हॉलंड म्हणालात म्हणून जास्तच.

रॉटरडॅमच्या झूमध्ये बोकिटो नावाचा गोरिला होता, सिल्व्हरबॅक म्हणजे पाठीवर चंदेरी केस आलेला कळपाचा मुख्य नर. एक बाई त्याला बघायला आठवड्यातून अनेकदा यायच्या, काचेला हात लावायच्या, त्याच्या डोळ्यात डोळे घालून हसायच्या, आणि त्यांना वाटायचं की तोही हसतो. झूच्या लोकांनी त्यांना हे करू नका म्हणून सांगितलं होतं. १८ मे २००७ ला बोकिटोने पाण्याचा खंदक पार केला, बाहेर आला, आणि गर्दीतून नेमकं त्या बाईंना गाठलं. हाडं मोडली, शंभराच्या वर चावे, बाई वाचल्या हे नशीब. गोरिलाच्या जगात टक लावून बघणं म्हणजे आव्हान, आणि दात दाखवणं म्हणजे हसू तर नव्हेच. आपण प्रेमाने जे करत होतो ते त्याला रोज रोज कोणीतरी येऊन भांडण उकरून काढल्यासारखं दिसलं असणार. नंतर तिथल्या एका विमा कंपनीने काय केलं माहितीये, पुठ्ठ्याचे चष्मे वाटले, त्यावर बाजूला बघणारे डोळे छापलेले, म्हणजे तुम्ही गोरिलाकडे सरळ बघितलंत तरी त्याला वाटावं हा माणूस दुसरीकडेच बघतोय! जाहिरातबाजी होती पण कल्पना एकदम बरोबर.

म्हणजे गोरिला रागीट असतो असं मनात घेऊ नका. १९८६ मध्ये जर्सी बेटावरच्या झूमध्ये पाच वर्षांचा मुलगा गोरिलांच्या खंदकात पडून बेशुद्ध झाला तेव्हा जांबो नावाचा नर त्याच्या आणि बाकीच्या गोरिलांच्या मध्ये उभा राहिला, मुलाच्या पाठीवरून बोटं फिरवली, आणि मूल शुद्धीवर येऊन रडायला लागल्यावर सगळ्या कळपाला घेऊन आत निघून गेला. १९९६ मध्ये शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड झूमध्ये बिंती जुआ नावाच्या मादीने, पाठीवर स्वतःचं पिल्लू असताना, पडलेल्या तीन वर्षांच्या मुलाला उचलून कीपरच्या दारापाशी आणून ठेवलं. आणि २०१६ मध्ये सिनसिनाटीत तसाच मुलगा पडला, हरांबे त्याला पाण्यातून ओढायला लागला, वरून लोक किंचाळत होते, झूने त्याला गोळी घातली. हरांबेच्या मनात काय होतं यावर अजून वाद चालतात. मी त्या दिवशी तिथली डॉक्टर असते तर काय केलं असतं हे मला आजही ठरवता येत नाही, गुंगीचं इंजेक्शन चढायला काही मिनिटं लागतात आणि तेवढ्यात सुई टोचलेला प्राणी बिथरतो, हे मात्र माहितीये.

बहिणीला सांगा, पास वापर, जरूर जा, पण काचेसमोर तिरकी बस, नजर मध्ये मध्ये खाली कर, दात न दाखवता. गोरिलाला आवडेल आणि तिलाही जास्त काही दिसेल.

याच्याच जोडीला एका बाबांनी व्हिडिओ पाठवलाय, काचेपलीकडचा सिंह त्यांच्या दोन वर्षांच्या मुलीबरोबर 'खेळतोय', ती पाठ करून बसली की पंजे मारतोय. बाबा, तो खेळत नाहीये. बुटकी आकृती, दुडदुड चालणं, त्यात पाठ फिरवलेली, सिंहाच्या दृष्टीने हे जेवणाचं ताट आहे. काच मजबूत असते, मुलीला धोका नाही, पण सिंहाची फुकट तगमग कशाला.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलाला दुबईच्या ट्रिपमध्ये जिराफाला खाऊ घालायला न्यावं का? चावेल का?

न्या की! जिराफाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. शेजारच्या अल ऐन शहरातला झू १९६८ पासूनचा आहे, जिराफांना भरवायची सोय आहे, दुबई सफारी पार्कमध्येही आहे, फक्त तो उन्हाळ्यात बंद असतो हे तारखा ठरवताना बघा. पाला लांब धरायचा, जीभ येते, चांगली हातभर वाटेल अशी, दीड फुटाची, निळसर काळी, खरखरीत आणि चिकट, मूल एकतर किंचाळेल नाहीतर खदखदून हसेल. खाणं दाखवून मागे घ्यायचा खेळ करू नका, जिराफ डोक्याने ढुशी देतो आणि ती ढुशी साधी नसते. नैरोबीच्या जिराफ सेंटरमध्ये लोक खाणं ओठात धरून त्याच्याकडून 'किस' घ्यायचे, ते मात्र नको.

नंतर हात साबणाने धुवा. सॅनिटायझर चालेल का असं पुढचं विचाराल म्हणून सांगते, नाही, प्राण्यांच्या शेणामातीतल्या काही जंतूंवर त्याचा काही परिणाम होत नाही. शेळ्या-मेंढ्यांच्या पेटिंग झूमध्ये तर हे जास्त पाळा, पाचच्या आतली मुलं ई. कोलाय नावाच्या जंतूने खरोखर गंभीर आजारी पडतात, आणि मुलं काय करतात, बकरीला हात लावतात आणि तोच अंगठा तोंडात. घरात कोणी गरोदर असेल तर तिने नुकत्याच व्यालेल्या मेंढ्यांपासून आणि कोकरांपासून लांबच राहावं.

प्रश्न : अमेरिकेत एका झूमध्ये पैसे भरून 'अॅनिमल एन्काउंटर' बुक केलं होतं, मार्मोसेट माकडांबरोबर. मला थोडी सर्दी होती आणि ओठावर 'जर' म्हणजे पुळ्या आल्या होत्या, तर तिथल्या मुलीने आतच घेतलं नाही. पैसेही परत नाहीत. हा अपमान नाही का?

पैशांबद्दल भांडा, मी तुमच्या बाजूने आहे. आत घेतलं नाही त्याबद्दल त्या मुलीला मी बक्षीस दिलं असतं.

ओठावर जे 'जर' उठतं तो हर्पिसचा व्हायरस, आपल्याला चार दिवस चुरचुरतं आणि जातं, मार्मोसेटसारख्या इवल्या माकडांना त्याने मरण येतं. सर्दीचंही तेच, माकडं आणि एप्स, म्हणजे गोरिला-चिंपांझी वगैरे, आपल्या एवढे जवळचे की आपले आजार त्यांना होतात. एप्रिल २०२० मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स झूमधल्या वाघिणीला कोरडा खोकला लागला, टेस्ट केली तर कोविड, आणि तो तिला कीपरकडून झाला होता. जानेवारी २०२१ मध्ये सॅन डिएगोच्या सफारी पार्कमधल्या गोरिलांना झाला. आपण नेहमी विचारतो की प्राण्याकडून आपल्याला काय होईल, त्यांचे डॉक्टर उलटं विचारतात, कारण तेच त्यांचं काम आहे.

प्रश्न : मॅम मी एकोणीस वर्षांची आहे, फुकेतला फ्रेंड्ससोबत जातेय. तिथे रस्त्यावर ते मोठ्या डोळ्यांचं क्यूट माकडासारखं, स्लो लोरिस, हातात देतात फोटोला. रील्समध्ये गुदगुल्या केल्या की हात वर करतं. घेऊ का?

नको गं. हात वर करतं ते घाबरून. त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला विषाची ग्रंथी असते, हात वर करून ती चाटायची, लाळेत मिसळून चावायचं, हा त्याचा बचाव. विषारी चाव्याचे सस्तन प्राणी जगात मोजकेच आहेत, त्यातला हा एक. मग ते हातात घेऊ कसं देतात? पकडीने दात तोडलेले असतात म्हणून, भूल वगैरे न देता. शिवाय हा निशाचर, भर दुपारी आणि फ्लॅशमध्ये त्याला बाजारात फिरवतात. फोटो काढू नकोस, लाईकही करू नकोस.

प्रश्न : आम्ही दोघं सत्तरीचे. मुलगा सिंगापूरला नेतोय. चालवत नाही फार. झू बघण्यासारखा आहे का, आणि आमच्यासारख्यांनी प्राण्यांच्या जवळ जाण्यात काही अर्थ आहे का?

आजोबा, तुमच्यासाठीच तो झू केलाय असं वाटेल. मंडाई नावाच्या भागातला हा झू १९७३ मध्ये सुरू झाला तोच गजांशिवाय, मध्ये खंदक, पाणी, झाडी, त्यामुळे डोळ्यांना जाळी अशी फार आडवी येत नाही. ही युक्ती मूळची हॅम्बुर्गच्या हागेनबेक यांची, त्यांनी १९०७ मध्ये खंदकांचा झू उघडला, पण सिंगापूरच्या हिरवाईत ती जास्त खुलते. ट्राम मिळते, व्हीलचेअर मिळते, संकोच न करता मागून घ्या.

ओरांगउटान तुमच्या डोक्यावरच्या झाडांतून आणि दोरांवरून जातात. आ मेंग नावाची मादी होती, तिच्याबरोबर नाश्ता करायला जगभरातून लोक यायचे, २००८ मध्ये ती गेली तेव्हा हजारो लोक तिच्या निरोपाला आले होते. आजही तिथे सकाळचा नाश्ता प्राण्यांच्या सोबतीने घेता येतो, ते त्यांच्या जागी, आपण आपल्या टेबलवर.

पण मला विचाराल तर फ्रॅजाइल फॉरेस्ट चुकवू नका. मोठ्ठा जाळीचा घुमट आहे, आत सगळं मोकळं. लेमूर कठड्यावरून चालत जातात, स्लॉथ फांदीला उलटा, आणि फळं खाणारी वटवाघळं हाताच्या अंतरावर लटकलेली. एक बाक बघून बसा. वटवाघूळ एका पायाने लटकून दुसऱ्या पायाने फळाची फोड धरतं, चावून चावून रस पितं आणि चोथा थुंकून टाकतं, पंखाची कातडी इतकी पातळ की उजेडात शिरा दिसतात, तोंड अगदी छोट्या कोल्ह्यासारखं. हात लावायचा नाही, फ्लॅश नाही, आणि लावावासा वाटणारही नाही. घाईत असणाऱ्या तरुण मंडळींना यातलं काही दिसत नाही, ती फोटो काढून पुढे जातात. नाइट सफारी १९९४ पासून शेजारीच आहे, ट्राममधून होते, दुपारी झोप काढून जा.

प्रश्न : टूर कंपनीवर विश्वास ठेवता येत नाही, तर झू चांगला की वाईट हे जायच्या आधी घरबसल्या कसं ओळखायचं?

अमेरिकेत एझेडएची आणि युरोपात ईएझेडएची, म्हणजे झूंच्या संघटनांची, मान्यता आहे का बघा, त्यांची यादी नेटवर असते. ते नसेल तर झूच्या स्वतःच्या साइटवरचे फोटो बघा. प्राणी माणसांच्या मिठीत दिसतायत की झाडांत? पांढरे वाघ मिरवलेत का? पांढरा वाघ ही वेगळी जात नाही, १९५१ मध्ये रेवाच्या महाराजांनी पकडलेल्या मोहन नावाच्या एका पिल्लापासून मुख्यतः घराण्यातल्या घराण्यात पैदास करून तो रंग टिकवलाय, त्यापायी तिरळे डोळे आणि इतर व्यंगं येतात. जबाबदार झूंनी हे थांबवलंय. डॉल्फिनबरोबर पोहणं असेल तर मी तरी वगळते, डॉल्फिनच्या जबड्याचा आकारच हसरा असतो, आजारी असला तरी हसराच दिसतो.

आणि कीपर लोकांचं 'ट्रेनिंग सेशन' असेल तर ते नक्की बघा. चांगल्या झूमध्ये वाघाला शिट्टी आणि मांसाच्या तुकड्यावर शिकवतात की गजाला अंग लावून पड, शेपूट फटीतून बाहेर दे, आणि डॉक्टर शेपटीतून रक्त काढतात. बांधलेलं नाही, भूल नाही, वाटलं तर वाघ उठून जातो आणि मग त्या दिवशी रक्त मिळत नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाला यासारखं दुसरं सुख नाही बघा. जपानमध्ये होक्काइडोच्या असाहियामा झूमध्ये हिवाळ्यात पेंग्विन रांगेने फिरायला निघतात, त्यांना व्यायाम व्हावा म्हणून, आपण बर्फावर आखलेल्या रेषेच्या मागे उभं राहायचं. ते आपल्यापासून दोन हातांच्या अंतरावरून डुलत जातात, एखादा मध्येच थांबून तुमच्याकडे बघतो आणि सगळी मिरवणूक अडते.

प्रश्न : बालीत एका मंदिरात माकडाने माझा चष्मा पळवला. परत घ्यायला गेले तर हाताला ओरखडा आला, रक्त थोडंच आलं. गाइड म्हणाला काही होत नाही, हळद लाव. आता परत येऊन तीन दिवस झालेत. काही करायला हवं का?

हे उत्तर अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं म्हणून यांना मेल त्याच दिवशी केला, बाकीच्यांसाठी इथे. बालीत २००८ पासून रेबीज आहे. माकडाचा चावा किंवा रक्त आलेला ओरखडा, कितीही लहान असो, लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे. लस लागते, रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन, लागतं. दिवस गेले असतील तरी 'आता काय उपयोग' म्हणून घरी बसू नका, लक्षणं दिसायच्या आत लस सुरू झाली पाहिजे, दिसल्यावर काही करता येत नाही. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

चष्म्याचं म्हणाल तर बालीतल्याच उलुवातू मंदिरातल्या माकडांवर शास्त्रज्ञांनी अभ्यासच केलाय. फोन, चष्मा असल्या माणसाला हव्याशा वस्तू ती मुद्दाम उचलतात आणि खाणं मिळाल्याशिवाय सोडत नाहीत, मोठी माकडं तर वस्तू बघून भाव ठरवतात. तेव्हा झटापट करायची नाही, तिथले कर्मचारी फळ देऊन सोडवून आणतात, त्यांना हाक मारा. चष्मा दोरीने गळ्यात नको, बॅगेतच. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना प्राणी चावल्याचा खर्च त्यात धरलाय का ते वाचा, इम्युनोग्लोब्युलिन परदेशात महाग पडतं आणि लहान गावात पटकन मिळतही नाही.

(तुमचा चष्मा परत मिळाला का ते लिहिलं नाहीत.)